‘मेतानोएइन्’ आणि पश्चात्ताप

नव्या करारांतील ‘मेतानोएइन्’ ह्या ग्रीक धातूस मराठींत ‘पश्चात्ताप करणें’ हा प्रतिशब्द रूढ आहे. ‘मेता’ म्हणजे पश्चात् हें खरें. परंतु ‘नोएइन्’ म्हणजे मनन, ताप नव्हे. अर्थात् केवळ व्युत्पत्तीवर निर्णय करणें वैयाकरणासहि शोभत नाहीं. प्रयोग पाहिला पाहिजे. यहूदाचा खेद सांगतांना (मत्तय २७.३) हा धातु नाहीं, ‘मेतामेलेस्थाइ’ आहे. पौल तर (२ करिंथ ७.१०) ईश्वराभिमुख दुःखापासून ‘मेतानोइया’ उत्पन्न होते म्हणतो; म्हणजे ताप कारण, ती कार्य. मराठी शब्दानें कार्यास कारणाचेंच नांव दिलें! जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत मात्र हा धातु बहुधा खेदवाचक हिब्रू धातूसाठीं येतो. म्हणून ‘ताप’ अगदींच उपरा नाहीं. तथापि मत्तय ४.१७ येथें ‘मन पालटा’ हेंच मला ग्राह्य वाटतें.