नालंदेच्या भोजनामागील गावे

नालंदा महाविहाराविषयी आमच्या पाहण्यात येणारे बहुतेक लेखन आचार्यांची नामावली आणि ग्रंथसंग्रहाचे वैभव यांतच रमते. एवढ्या संघाचे अन्न रोज कोठून येत होते, हा प्रश्न एका वाक्यात आटोपला जातो, आणि ते वाक्यही पुष्कळदा सदोष असते. ह्यु-एन-त्संगचा चरित्रकार ह्वेई-ली सांगतो की, राजाने सुमारे शंभर गावांचे उत्पन्न विहारास लावून दिले होते व त्या गावांतील दोनशे कुटुंबे तांदूळ, लोणी आणि दूध पोचवीत असत. त्याच सातव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला इत्सिंग मात्र दोनशेहून अधिक गावे म्हणतो. कुटुंबे आणि गावे यांची सरमिसळ करून काढलेली अनुमाने टिकणारी नाहीत. भिक्षुसंख्येचेही तेच. ह्वेई-लीचे दहा हजार सर्वत्र उद्धृत होतात. इत्सिंगचे तीन हजारांहून काही अधिक कोणाला आठवत नाहीत.

या ठिकाणी भूमीतून निघालेली साक्ष अधिक मोलाची आहे. १९२१ साली पहिल्या क्रमांकाच्या विहारात देवपालाचा ताम्रपट मिळाला. सुवर्णद्वीपाचा शैलेंद्र राजा बालपुत्रदेव याच्या विनंतीवरून पाच गावे दान दिल्याचे त्यात नमूद आहे. नंदिवनाक, मणिवाटक, नाटिका आणि हस्तिग्राम ही चार राजगृह विषयात, तर पालामक गया विषयात. पाचांपैकी चार गावे जवळच्याच विषयातील असावीत, हे आम्हांस सूचक वाटते. धान्य दुरून आणता येते, दूध येत नाही. दानाच्या हेतूंत भिक्षूंचे अन्न, वस्त्र, शय्या आणि औषध यांबरोबर ग्रंथलेखन व विहाराची डागडुजीही आहे. म्हणजे पोथीचा खर्चही अखेर शेतातूनच निघत होता.

मातीच्या मुद्रा याहून बोलक्या आहेत. त्यांतील काहींवर अमुक ग्रामाच्या 'जानपदा'ची असा निर्देश आहे. गावे केवळ दानपत्रातील नावे नव्हती. त्यांची सामूहिक संस्था होती आणि तिचा महाविहाराशी व्यवहार होता. हीरानंद शास्त्री यांनी १९४२ मध्ये हे लेख प्रसिद्ध केले. पुढील अभ्यासकांनी त्यांतील लिपी आणि राजवंशावळी यांवर जितके श्रम घेतले, तितके या ग्रामसंस्थांवर घेतलेले आम्हांस दिसत नाहीत.

ह्यु-एन-त्संगला मिळणाऱ्या रोजच्या शिध्यात महाशाली तांदळासोबत सुपारी, जायफळ आणि कापूरही होता. तांदूळ मगधाचा, कापूर आणि जायफळ मात्र समुद्रापलीकडचे. रामशरण शर्मा यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात उत्खननांच्या आधारे नगरांचा ऱ्हास मांडला. त्यांचे परिश्रम निर्विवाद आहेत. परंतु नगरांची पांढर ओस पडली म्हणजे गावांचा माल गावातच राहिला, असे म्हणता येत नाही. तो विहाराकडे वळलेला असू शकतो.

अडचण मुळात उत्खननाच्या दिशेत आहे. १९१५ पासून नालंदेत विहार आणि चैत्य उघडे केले गेले. धान्य पिकविणाऱ्यांची घरे नाहीत. एम. बी. राजनी यांनी २०१६ मध्ये उपग्रहचित्रांवरून दाखविले की, अवशेषांचा विस्तार खोदलेल्या भागापेक्षा पुष्कळ मोठा आहे. भोवती मोठमोठी तळी आहेत आणि बडगाव तर अवशेषांना लागूनच वसले आहे. वस्ती असलेल्या गावाखाली खणता येत नाही हे खरे. पण शिवारातील खापरे वेचून त्यांचा काळ लावता येतो. ताम्रपटातील पाच गावांच्या शोधापासून हे काम सुरू करता येईल.