ठराव आणि पाणी

देशांना गुण देण्याचा एक उद्योग अलीकडे जगात वाढीला लागला आहे. कोणता देश किती सुखी, किती भ्रष्ट, किती स्वतंत्र याच्या याद्या दरवर्षी निघतात आणि आपली वर्तमानपत्रे त्या सोयीनुसार छापतात. क्रमांक वर असला की अभिमान, खाली असला की परकीयांचे कारस्थान. अशा याद्यांकडे मी एरवी लक्ष देत नाही. परंतु जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ग्लोबल इंडेक्स ऑन रिस्पॉन्सिबल एआय’ हा अहवाल मी सबंध वाचला. एखादा देश कृत्रिम बुद्धिमत्तेचा कारभार किती जबाबदारीने करतो, हे या अहवालाने १३८ देशांपुरते मोजले आहे. मी तो का वाचला हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्या कारणाशिवाय मी या अहवालाविषयी लिहिणे म्हणजे आणखी एका प्राध्यापकाने आणखी एका अहवालावर लिहिणे होईल.

२०२० साली साथीमुळे पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा घरी बसून झाल्या. विद्यार्थ्याने मोबाइलसमोर बसायचे, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून एक प्रणाली त्याचा चेहरा, नजर आणि आजूबाजूचा आवाज तपासणार, आणि संशय आला की नोंद करणार. माझी एक विद्यार्थिनी पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसांबरोबर राहत होती. मोबाइल भावाचा. तीन पेपरांत तिच्या नावापुढे तांबड्या अक्षरांत नोंदी पडल्या : दुसरी व्यक्ती दिसली, दुसरा आवाज आला, नजर वारंवार हटली. तिचा निकाल राखून ठेवण्यात आला. चौकशीसाठी तिघांची समिती नेमली गेली, आणि त्या तिघांत मी होतो.

ती म्हणाली, “सर, आमच्यात एकटं बसायला जागा कुठंय?” समितीतील ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “यंत्राला कुणाशी वैर नसतं, बाई.” मी काहीच बोललो नाही. माझ्या दहावीच्या वर्षी माझी आई स्टोव्ह दाराबाहेर नेऊन पेटवीत असे आणि मी भिंतीकडे तोंड करून वाचत असे. त्या वेळी एखाद्या यंत्राने मला पाहिले असते तर माझ्याही नावापुढे तांबडी नोंद पडली असती. हे सारे मला ठाऊक होते, तरी मी त्या कागदावर सही केली. नोकरी नवी होती, एवढेच त्याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी आहे, आणि ते मी स्वतःलाही पटवू शकलेलो नाही. पुढे मनाला लागले म्हणून परीक्षा विभागाकडे गेलो. ते म्हणाले, हे कंपनीचे काम आहे. कंपनीचा म्हणून एक ई-मेलचा पत्ता मिळाला, त्यावरून उत्तर आले नाही. सात महिन्यांनी निकाल लागला. तोवर तिचा बी.एड.चा प्रवेश गेला होता. त्या यंत्राने तिला जात विचारली नव्हती. त्याने फक्त खोली पाहिली होती, आणि या देशात खोली पाहिली की पुष्कळ काही विचारावे लागत नाही.

‘जबाबदार’ या शब्दाकडे मी त्या दिवसापासून निराळ्या नजरेने पाहू लागलो. जबाबदार म्हणजे जबाब देणारा. आमच्या वस्तीत हा ‘जबाब’ फार परिचयाचा आहे, पण तो पोलीस चौकीतला. तो आम्ही द्यायचा आणि त्यांनी लिहून घ्यायचा. सरकारने, विद्यापीठाने, कंपनीने आम्हांला जबाब द्यावा ही कल्पनाच आमच्या वडिलांच्या पिढीला चमत्कारिक वाटली असती. तेव्हा एखाद्या देशाला ‘जबाबदार’ म्हणून गुण देताना, तेथे कोण कोणाला जबाब देतो एवढे पाहिले पाहिजे असे मला वाटते. याच अपेक्षेने मी हा अहवाल हाती घेतला.

तो टाकाऊ मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेतील एका संस्थेच्या पुढाकाराने तो तयार झाला, हीच मुळात लक्षणीय गोष्ट आहे. आधीच्या काही याद्या कोणता देश या तंत्रासाठी किती ‘सज्ज’ आहे एवढेच मोजत. या अहवालाने मानवी हक्क मध्यभागी आणले. त्याने १९ विषय घेतले आहेत. त्यांत भेदभाव आहे, श्रमिकांचे संरक्षण आहे, भाषिक वैविध्य आहे, दाद मागण्याची सोयही आहे. प्रत्येक विषयात तीन गोष्टी पाहिल्या : सरकारने चौकट आखली आहे काय, सरकारने काही कृती केली आहे काय, आणि सरकारबाहेरच्या संस्था काही करीत आहेत काय. त्या त्या देशातील संशोधकांनी पुरावे गोळा केले. चौकट असणे म्हणजे जबाबदार व्यवहार होणे नव्हे, हा निष्कर्षही अहवालाने स्वतःच नोंदविला आहे. एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या सरकारी अहवालांत शोधूनही सापडत नाही. तरीदेखील अखेर गुण बव्हंशी कागदालाच मिळतात, कारण दूरच्या देशातून तपासता येतो तो कागद.

आणि कागदाचे काय होते हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. त्या साली कोणी नगरपालिकांचा निर्देशांक काढला असता तर चौकटीच्या रकान्यात महाडला पैकीच्या पैकी गुण पडले असते. चवदार तळ्याचे पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेईपर्यंत अस्पृश्याच्या ओठाला लागले नाही. ते लागताच लोकांची डोकी फुटली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. दिवाणी दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठरावापासून निकालापर्यंतची ही सगळी वर्षे कोणत्या रकान्यात मांडायची?

आता या अहवालातील पहिल्या क्रमांकाचा देश पाहू. तो नेदरलँड्स आहे. तेथील करखात्याने २०१३ पासून बालसंगोपन भत्त्याचे अर्ज तपासण्यासाठी स्वतः शिकणारी एक संगणकीय पद्धत वापरली. कोणता अर्ज संशयास्पद हे ती ठरवी आणि त्या ठरविण्यात अर्जदार डच नागरिक आहे की नाही हाही एक निकष होता. किरकोळ चुकीसाठी, सहीच्या अभावासाठी, पालकांना लबाड ठरवून वर्षानुवर्षांचा सगळा भत्ता परत मागितला गेला. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली, घरे गेली, संसार मोडले. या कुटुंबांतील एक हजाराहून अधिक मुले आईबापांपासून काढून सरकारी देखरेखीखाली ठेवण्यात आली. संसदीय समितीने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या अहवालाला ‘अभूतपूर्व अन्याय’ अशा अर्थाचे नाव दिले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. निर्देशांकासाठी पुरावे घेतले आहेत ते नोव्हेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२३ या काळातले. म्हणजे सरकार पडले, त्यानंतर दहा महिन्यांनी मोजदाद सुरू झाली.

यात अहवालकर्त्यांची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. कोठून तरी मोजायला सुरुवात करावीच लागते. शिवाय न्याय करायचा तर डच समाजाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. गरीब आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांवर वापरली जाणारी ‘सिरी’ नावाची दुसरी एक सरकारी पद्धत हेगच्या जिल्हा न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी बेकायदा ठरविली. त्या दाव्यात नागरी संघटनांबरोबर कामगार संघटना होती, आणि टॉमी विरिंगा व माक्सिम फेब्रुआरी हे दोन लेखक वादी म्हणून उभे होते. (आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी कोर्टात जायला लोक तयार असतात, रेशनकार्डासाठी गेलेला लेखक मला अजून भेटायचा आहे.) माहिती-संरक्षण प्राधिकरणाने करखात्याला २०२१ आणि २०२२ मध्ये लाखो युरोंचे दंड केले. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारी यंत्रपद्धतींची एक जाहीर नोंदवही सुरू झाली. तेव्हा हा पहिला क्रमांक खोटा नाही. त्याची किंमत त्या आयांनी भरली आहे एवढेच. गुणपत्रिकेवर नाव मात्र देशाचे लागले.

आपल्याकडे ही किंमत भरली जाते, पण तिची पावती मिळत नाही. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची पद्धत निरनिराळ्या खात्यांतील नोंदी जोडून माणूस ओळखते. वाहन कोणाचे, घर कोणाचे, वीजबिल किती, हे सारे एका नावाखाली आणून कोण गरीब नाही ते सांगते. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात अठरा लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या आणि या कामात ही पद्धत वापरली गेली. नावातील साधर्म्यामुळे एक रिक्षा ओढणारा माणूस कागदोपत्री मोटारीचा मालक झाला आणि त्याच्या कुटुंबाचे धान्य थांबले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये रद्द पत्रिकांची प्रत्यक्ष घरी जाऊन फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. जुलै २०२२ पर्यंत तपासलेल्या २,०५,७३४ अर्जांपैकी १५,४७१ पात्र निघाले. एवढ्या चुली यंत्राने चुकून विझविल्या, आणि अर्जच न करू शकलेल्यांची मोजदाद यात नाही. यासाठी कोणतेही मंत्रिमंडळ गेले नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारभाराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत सात सूत्रे आहेत. ‘विश्वास’ हा पाया आहे, ‘माणूस प्रथम’ आहे, समन्याय आहे, उत्तरदायित्व आहे, आणि निर्बंधांपेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य हेही एक सूत्र आहे. तक्रार निवारणाची व्यवस्था असावी असेही म्हटले आहे. स्वतंत्र कायद्याची मात्र तूर्त आवश्यकता नाही असे मत आहे, भर स्वयंप्रेरणेने पाळायच्या उपायांवर आहे. आता, ज्या समाजाला माणूस म्हणून वागविण्यासाठी राज्यघटनेत सतरावे कलम घालावे लागले, १९५५ साली कायदा करावा लागला, आणि तोही पुरेना म्हणून १९८९ साली ॲट्रॉसिटीचा कायदा करावा लागला, त्या समाजाला ‘स्वयंप्रेरणे’चे कौतुक कितीसे वाटणार? आमचा सगळा इतिहास हा इतरांच्या स्वयंप्रेरणेची वाट पाहण्याचा इतिहास आहे. त्याच महिन्यात माहिती-संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. २०२३ च्या या कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यात बदल करून ‘वैयक्तिक माहिती’ या कारणाखाली उत्तर नाकारण्याची वाट रुंद केली आहे. म्हणजे जबाब द्यायचा ज्याने, त्यानेच पळवाट काढून ठेवली.

मोजपट्टीविषयी आणखी एक बोलले पाहिजे. या निर्देशांकाच्या १९ विषयांत लिंगभावाला स्वतंत्र जागा आहे, आणि ती असायलाच हवी. जातीला ती नाही. ती ‘भेदभाव’ या मोठ्या पोत्यात कोठेतरी तळाशी पडून आहे. यंत्रांचा पक्षपात तपासण्यासाठी अमेरिकेत तयार झालेल्या ‘बीबीक्यू’ या प्रसिद्ध चाचणीत पक्षपाताचे नऊ प्रकार आहेत, त्यांतही जात नाही. जी गोष्ट विचारलीच जात नाही तिच्यात कोणी नापास होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने जातीविषयक १०५ अपुरी वाक्ये एका नामांकित कंपनीच्या यंत्राला पूर्ण करायला दिली, तेव्हा ८० ठिकाणी त्याने पूर्वग्रहाचेच उत्तर निवडले. हे यंत्र आमच्या गावात कधी आले नव्हते. गावाने जे लिहून ठेवले आहे ते वाचून ते शहाणे झाले आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली पोलिसांच्या कामासाठी ‘मार्व्हल’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी नागपुरात स्थापन केली. तिच्या कामाविषयी आताच निकाल देणे योग्य नव्हे. परंतु असे कोणतेही यंत्र जुन्या नोंदींवरच शिकणार, आणि आपल्या पोलिसांच्या जुन्या नोंदींत १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा बसलेला आहे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी ‘सराईत गुन्हेगार’ या नावाने पारध्यांच्या पालापर्यंत पोचणारी वाट बुजली नाही. तुरुंगांच्या नियमावलीतील जातीवर आधारलेल्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रद्द केल्या, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे त्या छापील स्वरूपात जिवंत होत्या. या नोंदी यंत्राला देण्यापूर्वी कोणी धुऊन घेणार आहे काय, हा प्रश्न निर्देशांकाच्या पुढच्या आवृत्तीत भारताच्या रकान्यात यायला हवा.

निर्देशांक नकोत असे माझे म्हणणे नाही. मोजल्याशिवाय मागता येत नाही, जनगणनेतील आकड्यांसाठी आपण एवढ्या पिढ्या का झगडलो? पण मोजणी दुसऱ्या टोकापासूनही व्हावी. यंत्राने ज्याला अडविले त्याच्यापासून सुरुवात करावी : त्याला अडविल्याचे कळले काय, कारण त्याच्या भाषेत सांगितले गेले काय, तो कोणाकडे गेला, तेथे खुर्चीत माणूस होता काय, आणि जबाब किती दिवसांनी मिळाला. या वर्षी मी तृतीय वर्षाच्या मुलांना एक वही दिली आहे. रेशन, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, परीक्षा, नोकरीचा अर्ज यांपैकी जेथे कोठे घरातल्या माणसाला यंत्राने नाकारले, ते त्यांनी तारखेनिशी लिहायचे. शेवटचा रकाना ‘मिळालेला जबाब’ असा आहे. वहीतली पहिली नोंद मी स्वतः केली आहे, २०२० ची. तीत चौकशी समितीच्या सदस्यांच्या रकान्यात माझे नाव लिहिले आहे. ती मुलगी आता एका खाजगी शिकवणीत शिकवते. नोंद करण्यापूर्वी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “लिहा सर, पण खोलीचं मापपण लिहा. दहा बाय दहा.”