अपिवनस्पति आणि बांडगूळ : एक संज्ञाविचार

कोस्टा रिकातील मोंतेव्हेर्देच्या मेघारण्यात झाडांच्या खोडांवर हायमेनोफायलम वंशाचे नेचे वाढतात. १७९३ सालचे हे ग्रीक नाम ‘पडद्यासारखे पान’ असे सांगते आणि ते यथार्थ आहे. पान बहुधा एकाच पेशीइतके जाड असते. अशा वनस्पतीस मराठीत ‘बांडगूळ’ म्हणणे मात्र सदोष होय. बांडगूळ यजमान वृक्षात शोषकमुळे घुसवून रस घेते. नेचा केवळ आधार घेतो, पाणी त्यास पाऊस व धुके पुरवितात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील कोरड्या ऋतूतील धुके विरळ होत गेल्याचे दिसले. ज्याचे जीवित मेघाच्या ओलाव्यावर अवलंबून, त्यावर वृक्षशोषणाचा आरोप ठेवणारी संज्ञा खरे संकट झाकते. ‘अपिवनस्पति’मधील ‘अपि’ ग्रीक ‘एपि’चा सगोत्र असून तो ‘वर’ एवढेच सांगतो. म्हणून तीच संज्ञा ग्राह्य ठरते.