कढल्यातला भात

मोहरी तडतडण्याचा आवाज सगळ्या गावांत सारखाच असतो. ती ज्या तेलात तडतडते त्याचा गंध मात्र गावाचे नाव सांगून जातो. सिरुसेरीत संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, खाली राजीव गांधी सालैवर कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकींना खेटून उभ्या असताना, वरच्या कुठल्याशा मजल्यावरून तिळाच्या तेलाचा, हिंगाचा आणि जरासा पुढे गेलेल्या लसणाचा एकवटलेला दरवळ उतरतो. या ‘जरासा पुढे गेलेल्या’पाशी आपण थोडे थांबू. रोज स्वयंपाक करणारा हात लसूण सोनेरी झाला की फोडणी वरणावर ओततो. अधूनमधून करणारा हात नेमका त्याच क्षणी वरणाच्या भांड्यावरचे झाकण काढायला वळतो. ते तापलेले निघते, फडके शोधावे लागते, आणि तेवढ्या अवधीत लसूण सोनेरीचा तांबूस होतो. म्हणजे आज या घरात आई नाही आणि कढल्यापाशी बाबा उभा आहे. जाणकाराला एवढी खूण पुरे. तो तांबूस लसूण दोष आहे, हे खरे. पण आपण इथे दोष मोजायला जमलेलो नाही, आणि वरणात उतरलेला त्याचा तो कडवट-खमंग स्वाद रोजच्या वरणात कधीच नसतो, हेही तितकेच खरे.

चेन्नईच्या दक्षिणेला, आता चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडणारे हे गाव. सिपकॉटने इथे आयटी पार्क वसवले, टीसीएसचे अवाढव्य संकुल आले, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आली, आणि त्यांच्यामागोमाग राहत्या घरांचे मनोरे. त्या मनोऱ्यांत पुण्या-नागपूर-सोलापूरकडची मराठी घरेही आहेत. नवरा-बायको दोघे नोकरीला, आजी-आजोबा हजारेक किलोमीटर दूर. आईला कधी कामासाठी परदेशी जावे लागते, कधी धाकट्या बहिणीचे डोहाळजेवण निघते, कधी सासूबाईंच्या मोतीबिंदूची तारीख मिळते. तीच वेळ पुण्यात आली असती, तर कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्राने निभावून नेली असती. इथे उरतात बाबा, मूल आणि चिठ्ठ्या चिकटवलेले डबे. त्या चिठ्ठ्याही वाचण्याजोग्या असतात. ‘तूर’, ‘मूग’ इथवर सरळ. मग ‘पच्चरिसी, रोजच्या भाताचा’ आणि त्याच्या शेजारी ‘पुळुंगल, हा घेऊ नकोस’. कारण उकडा तांदूळ जास्त पाणी मागतो, जास्त वेळ मागतो आणि शिजल्यावरही दाणा दाण्याला चिकटू देत नाही. त्याची मऊ खिचडी होणे कठीण. एका डब्यावर तर ‘इडली रवा. याचा उपमा होत नाही’ असे वाक्यच असते. दूर राहूनही स्वयंपाकघरात कसे हजर राहावे, याचा हा वस्तुपाठ. बाबाचा स्वयंपाक स्वतंत्र आहे असे आपण कितीही कौतुकाने म्हटले, तरी तो या डब्यांच्या पायावर उभा आहे.

पहिली परीक्षा वरणाची, आणि खरे तर पाण्याची. या पट्ट्यात बोअरचे पाणी जड. वापरायला टँकर येतो, प्यायला कॅन. जड पाण्यातले क्षार डाळीला मऊ होऊ देत नाहीत. कितीही शिट्ट्या काढा, तुरीचा दाणा आपला आकार सोडत नाही. म्हणून डाळ कॅनच्या पाण्यात लावायची, हे आईच्या हाताला ठाऊक असते आणि बाबाला दुसऱ्यांदा कुकर उघडल्यावर कळते. अशा वेळी मला महाभारतातला नळराजा आठवतो. स्वयंवराच्या वेळी लोकपालांनी त्याला वर दिले: अग्नीने हवा तेव्हा प्रकट होण्याचा, वरुणाने हवे तिथे पाणी देण्याचा, आणि यमाने अन्नाला रस आणण्याचा. पुढे राज्य गेले, रूप गेले, आणि बाहुक या नावाने तो ऋतुपर्णाच्या पदरी राहिला. दमयंतीची दासी केशिनी त्याला न्याहाळते, तेव्हा रिकाम्या घागरी त्याच्या नुसत्या पाहण्याने भरतात आणि हातातल्या गवताला आपोआप ज्वाळ लागते. मग दमयंती त्याने शिजवलेले अन्न मागवते, एक घास घेते आणि ओळखते. त्यानंतर ती इंद्रसेन आणि इंद्रसेना या आपल्या मुलांना त्याच्याकडे धाडते, आणि मुलांना उराशी धरून हा बल्लवाचार्य रडतो. राजाची ओळख मुद्रेवरून नव्हे, शस्त्रावरून नव्हे, तर चवीवरून पटते, ही त्या कथेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी जागा. तमिळ मुलुखात आजही पुरुषाच्या हातच्या सुग्रास स्वयंपाकाला नळाचेच नाव घेऊन गौरवतात. सिरुसेरीच्या आपल्या नळाला अग्नी आणि वरुण प्रसन्न नाहीत; कॅन संपला की त्याला फोन करावा लागतो. तिसऱ्या वराचा निवाडा समोर ताट घेऊन बसलेल्या मुलावर सोपवू.

वरणाची आमटी करायची ठरते तेव्हा दुसरी गंमत सुरू होते. आमसुले संपलेली असतात. गोडा मसाला डब्याच्या तळाशी नखाएवढा. मग चिंच येते, सांबार पोडी येते, सांबारातले छोटे कांदे येतात, भाजीवालीने पिशवीत वरून टाकलेला कढीपत्ता येतो, आणि गूळ मात्र सवयीने पडतोच. ही अदलाबदल तमिळ भूमीवर मराठी माणसाने पहिल्यांदा केलेली नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्याची आख्यायिका आपण ऐकलेली असते: शहाजीराजांच्या काळी, म्हणजे १६८४ ते १७१२ या राजवटीत, महाराष्ट्रातून येणारी आमसुले आली नाहीत, आमटीत चिंच पडली, पाहुणे म्हणून आलेल्या संभाजीराजांना ती वाढली गेली आणि त्यांच्या नावावरून सांबार जन्मले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकवणे अवघड; पण तिच्या पोटातला न्याय पक्का आहे. जे हवे ते नसते, जे असते ते पुढे होते, आणि त्यातून तिसरेच काही जन्मते. आपल्या मीमांसकांनी तर याचे शास्त्रच केले. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतीका घ्यावी आणि यज्ञ अडू देऊ नये, असे सांगून ठेवले. मात्र देवता, अग्नी आणि मंत्र यांना प्रतिनिधी चालत नाही, हेही त्यांनीच बजावले. बाबाची ती चिंचगुळाची, सांबार पोडीची आमटी चाखून मूल म्हणते, “हे सांबार नाहीये, आणि आमटी पण नाहीये.” क्षणभर थांबून ताट पुढे करते: “इन्नुम कोंजम.” आणखी थोडे हवे, ही मागणी शाळेतून घरी आलेल्या तमिळमध्ये व्हावी, यातच त्या आमटीची सगळी वंशावळ आली.

प्रमाणाचे काय? फोनवर विचारले, तर आई सांगते, “अंदाजाने घाल.” आता अंदाज ही हजार वेळा केल्यावर मिळणारी वस्तू. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने घरोघरी रुजली, त्याचे मर्म इथे उमगते: अंदाज नसलेल्या माणसाला तिने स्वयंपाकघराचे दार उघडून दिले. आपला बाबा वाटीही घेत नाही. तो ऑफिसात भेट मिळालेला मग घेतो. मगभर तांदूळ, दोन मग पाणी.

मगावरून सिनेमातला एक मग आठवला. रॉबर्ट बेंटनच्या १९७९ च्या ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’मध्ये बायको घर सोडून गेल्याच्या दुसऱ्या सकाळी डस्टिन हॉफमनने रंगवलेला बाप मुलासाठी फ्रेंच टोस्ट करायला घेतो. अंडी तो कॉफीच्या मगात फोडतो, पाव त्यात मावत नाही, मग तो दुमडून कोंबतो. मुलगा शंका काढतो, बाप अखंड बडबडत राहतो, शेवटी तव्याचा चटका बसतो आणि सगळा आव कोसळतो. चित्रपटाच्या अखेरीला हीच जोडी पुन्हा फ्रेंच टोस्ट करते, तेव्हा कुणीच बोलत नाही. अंडे, पाव, तवा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतात. संवाद गाळून दिग्दर्शकाने दीड वर्षाची जवळीक दाखवली, अशी दाद आपण देतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या सकाळीही मुलगा ओट्यापाशीच होता. बाबाच्या स्वयंपाकात मुलाला जागा असते, कारण बाबाला मदत लागते. आईचा हात इतका सराईत की मुलाला फक्त शिजलेले ताट दिसते. इथे मात्र हिंग कुठे आहे हे मुलालाच माहीत असते, शिट्ट्याही तेच मोजते, आणि कांदा चिरताना बाबाच्या डोळ्यांतले पाणी पाहून पोटभर हसून घेते.

काचऱ्यांकडे पाहू. बटाट्याच्या काचऱ्या सारख्या जाडीच्या असाव्यात, म्हणजे सारख्या शिजतात, हा नियम. बाबाच्या सुरीखालून एक काप कागदासारखा निघतो, दुसरा बोटाएवढा जाड. परिणामी एकाच कढईत कुरकुरीत, खरपूस, मऊ आणि क्वचित किंचित कच्चा असे चार स्वभाव नांदतात, आणि प्रत्येक घासाला पुढच्या घासाचे कुतूहल राहते. मुले त्यातल्या कडेच्या काळसर कापांवरून भांडतात. सारखेपणाने शिजलेल्या काचऱ्यांवरून कुणी भांडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आणि आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच, ते कढले. फोडणी वरणावर ओतली, चर्र झाले, आणि लोखंडी कढल्याच्या तळाशी चमचाभर तेल, चार-सहा मोहरीचे दाणे, हळदीची पिवळी कड आणि त्या तांबूस लसणाची एक पाकळी चिकटून राहिली. घाईच्या संध्याकाळी हे कढले सरळ धुवायला जाते. बाबा मात्र त्यात मूठभर गरम भात टाकतो, मीठ भुरभुरतो आणि बोटांनी, चटके सोसत, भात कढल्याच्या अंगाला घोळवतो. लोखंडाची ऊब अजून शिल्लक असते, म्हणून काही शिते तळाशी खरपूस होतात; हळद सगळीकडे सारखी लागत नाही, म्हणून भात कुठे पिवळा, कुठे पांढरा. हा पदार्थ ताटात वाढता येत नाही, तो पुरण्याएवढाही नसतो. तो उभ्या उभ्या, ओट्यापाशी, बाबाच्या हातून खायचा. तमिळ घरांत चांदण्या रात्री गच्चीवर थोरल्या बाईभोवती मुले कोंडाळे करून बसतात, आणि एका पातेल्यात कालवलेल्या भाताचा एकेक गोळा ती प्रत्येकाच्या तळहातावर ठेवत जाते. त्या निलाचोऱ्याचे आणि या कढल्यातल्या घासाचे नाते जवळचे आहे. दोन्हीकडे भातापेक्षा हात चाखला जातो. ‘पोदुम’ म्हणेपर्यंत, म्हणजे पुरे म्हणेपर्यंत, भात टिकतच नाही. उलट मूल बोटाने कढले निपटून घेते आणि तळाची ती लसणाची पाकळी कुणाची, यावर वाटाघाटी होतात.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, नाहीतर कौतुक खोटे पडेल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, करणाऱ्या पुरुषांचा ९७. चार दिवस कढले हातात धरणाऱ्या बाबाला जेवढी टाळी मिळते, तेवढी वर्षभर ओट्यापाशी उभी असलेल्या आईला मिळत नाही. मूलही यात निर्दोष नाही; तेच व्हिडिओ कॉलवर आईला सांगते की बाबाचा भात तुझ्यापेक्षा भारी. आई हसते, आणि पुढचा प्रश्न विचारते: कढले धुतले का? त्या प्रश्नाला त्या घरात सहसा लगेच उत्तर येत नाही.

आई परतते त्या दिवशी सकाळी फ्रिजमध्ये उरलेला भात असतोच. त्याचा फोडणीचा भात होतो: तिळाचे तेल, मोहरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता, हळद, वर लिंबू. विमानतळावरून थेट घरी आलेली आई हात धुऊन कढईतूनच एक घास घेते आणि उडदाची डाळ पाहून भुवई उंचावते. तिच्या फोडणीत ती नसते. दमयंतीने ओळखले ते याच वाटेने असणार. मग बाबा वर काय भुरभुरायचे विचारतो, मेतकूट की मिळगाय पोडी. माझे मत विचाराल, तर बाबांच्या हातच्या सगळ्या पदार्थांत पहिला मान कढल्यातल्या भाताचा, दुसरा या फोडणीच्या भाताचा, आणि चिंचगुळाची ती आमटी तिसरी. मेतकूट की पोडी हा वाद मात्र तुम्ही आपापल्या घरी, कढई गरम असतानाच मिटवा; फोडणीचा भात गार झाल्यावर त्यात राम उरत नाही.