बोलविता धनी कोण?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं जालन्याच्या खेड्यांत खांदेमळणी होते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. बैल उत्तर देणार नाही हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, तरी तो बोलतो. तेव्हा चेहऱ्यावर भाव आणणाऱ्या यंत्रापाशी कुणी मन मोकळं केलं, तर त्याला भाबडा म्हणायला आम्ही तयार नाही.

१९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलिझा' हा प्रोग्रॅम मांडला. आपलंच वाक्य फिरवून आपल्याला प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची विद्या. तो तयार होताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीबाईंनीही बोलता बोलता साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं! पुढं त्याच संस्थेत सिंथिया ब्रिझील यांनी भुवया उंचावणारा, कान पाडणारा 'किस्मत' घडवला.

नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. पहिले तीन यंत्राला शिकवता येतात. चौथ्याला मन लागतं, ते यंत्रापाशी नाही. पण रसाचा आस्वाद घेतो तो प्रेक्षक. त्यामुळं यंत्रासमोर आलेलं रडू खरंच असतं.

मग खोट कुठं आहे? रामदास पाध्ये अर्धवटरावांना घेऊन बसतात, तेव्हा बाहुला त्यांनाच टोमणे मारतो आणि आपण हसतो. पण बोलविता धनी शेजारीच दिसत असतो. बाहुला वावगं बोलला, तर जाब कुणाला विचारायचा हे कळतं. यंत्र मायेनं 'तुमचं दुःख समजतं' म्हणतं, तेव्हा धनी दिसत नाही. ते वाक्य त्याच्या तोंडी कुणी घातलं, कशासाठी घातलं, आणि आपण सांगितलेलं घरातलं दुखणं कुठं साठतं? आमचा आक्षेप इथं आहे.

दुसरी गोष्ट. बैलाशी बोलणाऱ्याला रोज त्याचं वैरण-पाणी करावं लागतं. यंत्र आपल्याकडं असं काही मागत नाही, आणि तेच आपल्याला सोयीचं वाटतं.

आमच्या वयाच्या एकट्या माणसानं अशा यंत्राशी बोलावं का? खुशाल बोलावं. पण यंत्र सोबतीला आहे म्हणून पुण्या-मुंबईच्या लेकरांनी फोन करणं सोडलं, तर ती फसवणूक यंत्रानं केलेली नसेल.