गंमत खरी, कारण खोटे

गमतीच्या वस्तू, चमत्कारिक खेळणी आणि 'विश्वास बसणार नाही' अशी यंत्रे यांच्या चित्रफिती इंटरनेटवरून शाळेच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचल्याला आता बरीच वर्षे झाली. एका शिक्षकाने दुसऱ्याला पाठवावी, दुसऱ्याने ती तासाच्या सुरुवातीला मुलांना दाखवावी आणि मुलांनी 'सर, पुन्हा एकदा' म्हणावे, हा प्रकार सर्वत्र रुळला आहे. यांपैकी पुष्कळशा वस्तू विकतही मागवता येतात. प्रयोगशाळेसाठी जी थोडीफार रक्कम हाती येते तिच्यातून त्या घ्याव्यात का, असे शिक्षक आम्हाला विचारतात. म्हणून अशा काही वस्तूंचे परीक्षण येथे करीत आहोत. वस्तू किती आश्चर्यकारक आहे याला आम्ही गुण दिलेले नाहीत; आश्चर्य वाटते म्हणूनच तर ती इतक्या हातांतून फिरत आपल्यापर्यंत आली. तिच्यासोबत जे स्पष्टीकरण येते ते बरोबर आहे का, आणि ते चुकीचे असल्यास तसे सिद्ध करण्याची सोय वर्गात आहे का, एवढेच आम्ही पाहिले.

पहिला मान अर्थातच 'अखंड चालणाऱ्या यंत्रा'चा. लाकडी बैठकीवर एक पसरट थाळी असते व तिच्या मध्यभागी भोक असते. पोलादी गोळी भोकातून पडते, तारेच्या दोन रुळांवरून घरंगळत खाली येते, रुळांच्या वर वळलेल्या टोकावरून उडी घेते आणि नेमकी पुन्हा थाळीत येऊन पडते. हे तासन्‌तास चालते. सोबत लिहिलेले असते की हे यंत्र केवळ गुरुत्वाकर्षणावर चालते.

ते तसे चालत नाही. बैठकीत विद्युतघट आणि विद्युतचुंबक लपवलेला असतो. गोळी रुळांच्या तळाशी येत असताना चुंबक क्षणभर चालू होऊन तिला ओढतो व ती पुढे सरकण्याच्या आत बंद होतो. एवढ्याशा बैठकीतला घट इतका वेळ कसा पुरतो, हा मुलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकडेमोडीने द्यावे. समजा, गोळी ५ ग्रॅमची आहे आणि ती १० सेंटिमीटर खाली येते. तिची स्थितिज ऊर्जा सुमारे ५ मिलिज्यूल होते. घर्षणात आणि आपटण्यात त्यातली २ मिलिज्यूल दर फेरीला वाया जाते असे धरू. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तशा एका चांगल्या सेलमध्ये १० हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. चुंबकाने तिच्यातील शंभरातला एकच भाग कामी लावला तरी ५० हजार फेऱ्या होतात. फेरीला २ सेकंद धरले तर हे यंत्र २७ तासांहून अधिक चालेल. चित्रफीत तर अर्ध्या मिनिटाची असते!

हे खेळणे आम्ही तरीही पूर्णपणे नापास करणार नाही, कारण त्याचे बिंग फोडणे सोपे आहे. पोलादी गोळीऐवजी तेवढीच काचेची गोटी सोडा. ती एकदाच खाली येईल आणि थाळीपर्यंत पोहोचणार नाही. बैठकीशेजारी होकायंत्र ठेवले तर दर फेरीला सुई थरथरेल. अडचण अशी की चित्रफितीत गोटी बदलता येत नाही. विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जातो तेव्हा चुंबक आणि पंख्याची पाती जोडून केलेले 'फुकट विजेचे' प्रकल्प आम्हाला दिसतात. मुलांना विचारले तर ती प्रामाणिकपणे सांगतात, की फितीत चालले होते, आमचेच चालत नाही, आमच्या जोडणीत काहीतरी राहिले असेल. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ज्या मुलाने आदल्याच वर्षी परीक्षेत बिनचूक लिहिला, तेच मूल स्वतःच्या हातातल्या पुराव्यावर अविश्वास दाखवून फितीवर विश्वास ठेवते. आमच्या मते या सगळ्या प्रकारातले खरे नुकसान हेच आहे.

(जाता जाता: बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत पाऱ्याने अर्धवट भरलेल्या आऱ्यांचे, आपोआप फिरणारे चाक वर्णिले आहे, आणि या चाकाचा दाखलाही फुकट विजेच्या समर्थनार्थ दिला जातो. त्या काळी ऊर्जा ही संकल्पनाच नव्हती. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अशा यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही असे १७७५ मध्ये ठरवले, तेव्हाही नव्हती. भास्कराचार्यांचा गौरव करायला त्यांचे गणित पुरेसे आहे.)

पाणी पिणारा काचेचा पक्षी हे याच्या अगदी उलट उदाहरण. तोही 'अखंड' म्हणूनच दाखवला जातो, पण त्यात लपवलेले काही नाही. बेल प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ माइल्स सलिव्हन यांना त्याचे अमेरिकन पेटंट १९४६ मध्ये मिळाले. दोन काचेचे फुगे एका नळीने जोडलेले असतात, आत डायक्लोरोमिथेन हा सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव असतो आणि हवा काढून टाकलेली असते. डोक्यावरच्या ओल्या कापडातून पाणी उडून जाते, डोके थंड होते, तेथील बाष्पाचा दाब घटतो आणि खालचा द्रव नळीतून वर चढतो. डोके जड होऊन पक्षी वाकतो. वाकल्यावर नळीचे खालचे तोंड द्रवाबाहेर येते, दोन्हीकडचा दाब सारखा होतो, द्रव परत खाली येतो आणि पक्षी उभा राहतो. वाकताना चोच पेल्यात बुडून कापड पुन्हा ओले होते. हे एक उष्णता इंजिन आहे आणि काही अंशांच्या तापमान फरकावर चालते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने पक्षी पाणी पितो.

वर्गाच्या दृष्टीने हा पक्षी उत्तम, कारण त्याला छळता येते. त्याच्यावर पेल्यासकट काचेची मोठी बरणी पालथी घाला. आतली हवा बाष्पाने संपृक्त होत जाईल तसा तो मंदावेल आणि थांबेल. बरणी काढली की पुन्हा सुरू. पाण्याऐवजी स्पिरिट वापरले तर घाईने वाकू लागेल (जवळपास ज्योत नको). डोके कोरडे ठेवून खालच्या फुग्याला काळा रंग दिला आणि त्यावर दिव्याचा प्रकाश टाकला तरी तो चालतो; म्हणजे मुख्य गोष्ट पाणी नसून तापमानातला फरक आहे, हे मुलांना आपोआप कळते. नागपूरच्या मे महिन्यात आणि रत्नागिरीच्या जुलैत त्याची वाकण्याची गती मोजून दोन शाळांनी आकडे एकमेकींना पाठवले तर आर्द्रतेचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. पक्षी फुटणार नाही याची काळजी मात्र घ्यावी. आतला द्रव विषारी आहे आणि त्याची वाफ हुंगण्यासारखी नाही.

आता रेडिओमीटर. काचेच्या फुग्यात सुईच्या टोकावर चार पाती, प्रत्येकीची एक बाजू काळी व एक चकचकीत. उन्हात ठेवले की गरगर फिरतात. विल्यम क्रुक्स यांनी १८७० नंतरच्या दशकात हे उपकरण केले. याच्यासोबत बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते की प्रकाशाच्या दाबामुळे पाती फिरतात. हे स्पष्टीकरण आकर्षक आहे, क्रुक्स यांनाही प्रथम तसेच वाटले होते, आणि ते चूक आहे. गंमत अशी की ते चूक आहे हे ओळखायला कसलेही उपकरण लागत नाही. प्रकाश काळ्या पृष्ठभागावर शोषला जातो आणि चकचकीत पृष्ठभागावरून परत उसळतो. भिंतीवर चिखलाचा गोळा मारला तर तो चिकटतो, रबरी चेंडू मारला तर उलट येतो, आणि दोहोंत भिंतीला जास्त धक्का चेंडूचा बसतो. तेव्हा प्रकाशाचा दाब हेच कारण असते तर चकचकीत बाजू मागे ढकलली जायला हवी होती. प्रत्यक्षात काळी बाजू मागे ढकलली जाते. मुलांना फक्त एवढेच सांगा: कोणती बाजू पुढे जाते ते नीट पाहा.

प्रकाशाला दाब असतो हे खरेच आहे. प्यॉत्र लेबेदेव यांनी तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मोजून दाखवला. पण तो किती? चौरस मीटरला १००० वॅट एवढे कडक ऊन काळ्या पृष्ठभागावर पडले तर दाब भरतो पास्कलच्या ३३ दशलक्षांशांचा दहावा भाग, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन हजार कोटींवा हिस्सा. सुईवरचे घर्षण त्याला पुरून उरते. खरे कारण फुग्यात उरलेल्या विरळ हवेत आहे. हवा अगदी पूर्ण काढून टाकली तर पाती थांबतात, आणि हवा भरपूर असली तरीही थांबतात. आर्थर शुस्टर यांनी १८७६ मध्ये संपूर्ण फुगाच टांगून पाहिला तेव्हा पाती एका दिशेने व फुगा उलट दिशेने वळू लागला. बाहेरून आलेला प्रकाश ढकलत असता तर फुग्याने उलटे वळण्याचे कारण नव्हते. जोर आतल्या आत, पाती आणि हवा यांच्यात लागत होता.

पण म्हणून 'काळ्या बाजूजवळची गरम हवा तिला ढकलते' एवढे सांगूनही भागत नाही, आणि बरी पुस्तकेसुद्धा येथेच थांबतात. गरम बाजूवरून रेणू जोराने उसळतात हे खरे, परंतु तेच रेणू मागून येणाऱ्या रेणूंना अडवतात आणि पातीच्या मध्यभागी हिशेब जवळजवळ फिटतो. ऑस्बर्न रेनल्ड्स आणि मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये दाखवले की विरळ वायू पृष्ठभागालगत थंड भागाकडून गरम भागाकडे सरकतो. पातीच्या कडेवर हेच घडते आणि प्रतिक्रियेने पाती उलट दिशेने, म्हणजे चकचकीत बाजू पुढे करून, सरकते. कडांच्या परिणामाचा विचार पुढे १९२४ मध्ये आइन्स्टाइन यांनीही केला. खेळण्याच्या दुकानातल्या वस्तूसाठी एवढी मोठी माणसे पन्नास वर्षे झटली, ही गोष्ट 'प्रकाश ढकलतो' या दोन शब्दांत झाकली जाते, याचे आम्हाला वाईट वाटते. रेडिओमीटर जरूर घ्यावा. उन्हात तापवून मग एकदम फ्रिजमध्ये ठेवून पाहावा: काळी बाजू उष्णता लवकर बाहेर टाकून आधी थंड होते आणि पाती उलट्या फिरतात. ही फित मात्र फारशी कोणी पाठवत नाही.

रॅटलबॅक नावाचा लांबट, होडीच्या तळासारखा तुकडा एका दिशेने फिरवला तर सुरळीत फिरतो. दुसऱ्या दिशेने फिरवला तर थरथरतो, थांबतो आणि उलटा फिरू लागतो. 'पृथ्वीच्या परिवलनामुळे' असे त्याचे कारण सांगितले जाते. हे खरे असते तर एकाच टेबलावरच्या सर्व तुकड्यांना एकच दिशा प्रिय असती. आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा तुकडा केला की प्रिय दिशाही उलटते, आणि ज्या नमुन्यांवर तिरकी ठेवलेली छोटी वजने असतात त्यांत वजनांचा तिरकेपणा बदलला तरी उलटते. तळाच्या वक्रतेचे अक्ष आणि वस्तुमानाच्या वाटपाचे अक्ष एकमेकांशी किंचित तिरके असतात, त्यामुळे डोलणे आणि फिरणे यांत देवाणघेवाण होते. टेबलाचा पृष्ठभाग त्याला बळ देत असल्याने कोनीय संवेगाचा नियमही मोडत नाही. याचे गणित १८९६ मध्ये गिल्बर्ट वॉकर यांनी मांडले. हेच वॉकर १९०४ मध्ये भारतातील वेधशाळांचे प्रमुख होऊन आले आणि मोसमी पावसाच्या शोधात त्यांनी दक्षिणी आंदोलन शोधून काढले. भोवऱ्यांचा आणि बूमरँगचा नाद असलेला माणूस पावसाकडे वळला, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

हवेत तरंगणाऱ्या लेव्हिट्रॉन भोवऱ्याबद्दल थोडक्यात. केवळ स्थिर चुंबकांच्या बळावर कोणतीही चुंबकी वस्तू स्थिरपणे तरंगत ठेवता येत नाही, हे अर्नशॉ यांच्या १८४२ च्या प्रमेयावरून निघते. भोवरा फिरत असल्याने त्यातून कसा निसटतो ते मायकेल बेरी यांनी १९९६ मध्ये दाखवले. खेळणे महाग आहे, हट्टी आहे आणि वर्गात अर्धा तास खाते. त्याऐवजी अरविंद गुप्ता यांनी प्रसिद्ध केलेली तरंगणारी पेन्सिल करावी. रबराच्या तुकड्यात खोचलेल्या कडीच्या आकाराच्या चुंबकांवर, तशीच चुंबके घातलेली पेन्सिल तरंगते. तिचे फक्त एक टोक समोरच्या उभ्या पृष्ठभागाला टेकलेले असते. तो आधार काढला की पेन्सिल निसटते. अर्नशॉ यांचे प्रमेय इतक्या स्वस्तात दाखवणारी दुसरी वस्तू आम्हाला ठाऊक नाही. विकतच्या भोवऱ्यात तेच प्रमेय झाकलेले राहते.

शेवटी एका जुन्याच खेळण्याविषयी. दोन भोकांच्या गुंडीतून दोरा ओवून, तो पिळून ताणला की गुंडी गुणगुणत फिरते; हे आपल्याकडे कोणत्या मुलाने केलेले नाही? स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खेळणे किती वेगाने फिरू शकते हा प्रश्न विचारला, त्याचे गणित केले आणि २०१७ मध्ये कागदाच्या चकतीचे, सुमारे २० सेंट खर्चाचे, हाताने चालणारे अपकेंद्री यंत्र जाहीर केले. त्यावर रक्तातील प्लाझ्मा दीड मिनिटात वेगळा होतो. कमाल वेग मिनिटाला १,२५,००० फेरे, म्हणजे सेकंदाला दोन हजारांहून अधिक. या यंत्राची फित पुष्कळांनी पाहिली असेल. आपल्या वर्गातली गुंडी किती वेगाने फिरते हे मात्र मोजायचे शिल्लक आहे. गुंडीच्या कडेला पांढरा ठिपका द्या आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे घेणारी संथ फित काढा. वेग सेकंदाला १२० फेऱ्यांच्या वर गेला, की ठिपका उलटा फिरताना दिसेल. २४० ला तर तो जागच्या जागी उभा राहील. नळाची धार हवेत गोठल्याच्या ज्या फिती फिरतात, त्या दहावीच्या मुलांना त्यानंतर दाखवाव्यात आणि कारण त्यांनाच विचारावे.