दोन राण्यांची राजधानी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील महाराज बाडा हा शिंदे सरकारच्या राजधानीचा दर्शनी चौक. टाऊन हॉल, टपाल कचेरी, बँक अशा निरनिराळ्या घाटांच्या इमारतींनी तो वेढलेला आहे, आणि त्यांतच व्हिक्टोरिया मार्केट आहे. एका परदेशी राणीच्या गौरवार्थ मराठी दरबाराने उभारलेली ही वास्तू. तेथून थोड्या अंतरावर, फुलबागेजवळ, दुसऱ्या एका राणीची समाधी आहे. ही दोन स्मारके एकाच संध्याकाळी पाहावीत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. कारण एकावाचून दुसऱ्याचा अर्थ पुरता लागत नाही.

प्रथम मार्केटाविषयी. राणीचे स्मारक म्हणून बाजारपेठ बांधण्यात दरबाराचा व्यवहारचातुर्याचा भाग होता, हे मान्य केले पाहिजे. पुतळ्याला नुसता नमस्कार घडतो. बाजारात माणसे रोज येतात. परंतु नेमके येथेच स्मारक म्हणून ही वास्तू फसली. लोकांनी इमारत आपलीशी केली आणि राणीचे नाव केवळ पत्ता म्हणून उरले. २०१० साली मार्केटला आग लागली. पुढे वास्तूची डागडुजी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथे भूविज्ञानाचे संग्रहालय उघडले. त्रेसष्ट वर्षे राज्य केलेल्या सम्राज्ञीच्या नावाच्या इमारतीत आता कोट्यवधी वर्षांचे पाषाण मांडलेले आहेत. काळाने केलेली याहून सौम्य टीका आम्हांस ठाऊक नाही.

परंतु हा गौरव कशाबद्दल होता? १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब आणि लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव शिंदे आग्र्यास इंग्रजांच्या आश्रयास गेले. ह्यू रोज चालून आला, कोटा की सरायजवळ लढाई झाली आणि राणी पडली. तिच्या मृत्यूची तिथी कोणी १७ जून देतात, कोणी १८. दोन दिवसांत राजधानी पुन्हा इंग्रजांच्या हाती गेली व जयाजीराव गादीवर परतले. पुढचा हिशेब मराठी माणसाने मन घट्ट करून वाचावा असा आहे. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांना दिले, आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या व मुरारच्या मोबदल्यात ते परत घेतले. जिच्यासाठी राणीने प्राण दिले ती झाशी अशी अदलाबदलीच्या वहीत आली. १९१६ मध्ये जन्मलेल्या राजपुत्राचे नावच जॉर्ज जिवाजीराव ठेवले गेले. निष्ठा दगडात कोरून दरबाराचे समाधान झाले नव्हते. ती नावात उतरली.

आता फुलबाग. येथे चौथरा आहे आणि त्याच्यामागे घोड्यावर स्वार झालेल्या, हाती तलवार घेतलेल्या राणीचा भव्य पुतळा आहे. पुतळ्यावर डोळे ठरतात खरे. पण अश्वारूढ वीराचा हा साचा आपल्याकडील चौकांत रुजला तो मुख्यतः साम्राज्यकर्त्यांच्या पुतळ्यांवरून, आणि ज्यांच्याशी राणी लढली त्यांच्याच शिल्पभाषेत तिचा गौरव व्हावा, हे आम्हांस थोडे खटकते. त्या साध्या चौथऱ्याला मात्र कोणाच्याही उसनवारीची गरज नाही. भा. रा. तांबे यांनी या समाधीवर कविता लिहिली. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. ज्या घराण्याचा पूर्वज राणी येताच निघून गेला, त्याच घराण्याच्या आश्रित कवीने तिच्यासाठी अश्रू मागावेत, यात दरबाराचा मोठेपणा पाहावा की कवितेचे सामर्थ्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत कवितेच्या बाजूचे आहे.

गोमंतकीय वाचकास ही गोष्ट अपरिचित वाटणार नाही. पणजीच्या आझाद मैदानातील स्तंभमंडप १८४७ मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी उभा राहिला. पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. मैदानात त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांचे स्मारक आहे. गोव्याने मंडप मोडला नाही, मैदानाचा मानकरी बदलला. ग्वाल्हेरने तेवढेही केले नाही. दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदू दिली.

आणि तेच योग्य आहे, असे आम्ही म्हणतो. मार्केटावरील राणीचे नाव पुसावे, अशी मागणी आम्ही करणार नाही. ते नाव पुसले तर पुसला जाईल तो व्हिक्टोरियाचा मान नव्हे, तर आपल्याच एका गादीचा निर्णय. आणि तो विसरण्याची सोय आपल्याला फार आवडेल. एकाच सभेत शिंदेशाहीचा आणि झाशीवालीचा जयजयकार करणाऱ्या आम्हां मराठी माणसांना बाडा ते फुलबाग हा रस्ता पायी चालण्याची गरज आहे. त्या वाटेवर अभिमान आणि शरम यांना एकाच वेळी सोबत घ्यावे लागते.